'कम्प्लाय' आणि त्याचा 'विथ': इंग्रजी पत्राचा मसुदा तपासताना

नोटिशीचे उत्तर, ऑडिटच्या शंकांची पूर्तता, बँकेला पाठवायचे केवायसीचे पत्र, सोसायटीने उपनिबंधकांना दिलेला खुलासा. यातले काहीही इंग्रजीत लिहायला घेतले की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'कम्प्लाय' हे क्रियापद हजर होते. आणि बऱ्याच मसुद्यांत ते असे दिसते: 'वुई हॅव कम्प्लाइड युवर ऑर्डर', 'ऑल द कंडिशन्स आर कम्प्लाइड', 'कम्प्लायन्स ऑफ द नोटीस'. तीन वाक्ये, पण दुखणे एकच. 'कम्प्लाय'सोबत जो 'विथ' असायला हवा, तो गळून पडला आहे किंवा त्याच्या जागी दुसराच कोणीतरी येऊन बसला आहे.

शाळेत याचे उत्तर 'पाठ करा' असे मिळते. पाठ केलेला 'विथ' साध्या वाक्यात टिकतोही. पण वाक्य कर्मणी झाले, क्रियापदाचे नाम झाले किंवा मध्येच दुसरे क्रियापद घुसले की तो निसटतो. म्हणून मसुदा तपासताना कुठे थांबून पाहायचे, ते इथे क्रमाने मांडले आहे. नियम एकच आहे. निसटण्याच्या जागा मात्र पुष्कळ आहेत, आणि लेखाचा बहुतेक भाग त्या जागांवरच खर्ची पडणार आहे.

आधी क्रियापदाचा स्वभाव

'कम्प्लाय' हे अकर्मक क्रियापद आहे. 'ओबे', 'फॉलो', 'फुलफिल' यांना कर्म थेट चिकटते: 'ओबे द ऑर्डर', 'फॉलो द रूल्स'. 'कम्प्लाय'ला तसे चिकटत नाही. मधे 'विथ' लागतोच.

हे आपल्याला अनोळखी वाटायचे कारण नाही, कारण मराठीतही अशी क्रियापदे भरपूर आहेत. 'भांडणे' घ्या. आपण शेजाऱ्याशी भांडतो, शेजाऱ्याला भांडत नाही. 'रागावणे' घ्या, मुलावर रागावतो. तो 'शी' किंवा 'वर' कोणी शिकवलेला नसतो, क्रियापदासोबतच येतो. 'कम्प्लाय'चा 'विथ' हा असाच 'शी' आहे असे धरून चाला. पुढे 'भांडणे'चा हा दाखला बराच उपयोगी पडणार आहे, विशेषतः नामाच्या वेळी.

गोंधळ होतो तो आपल्या मनात त्या क्षणी 'भांडणे' नसून 'पालन करणे' असते म्हणून. आदेशाचे पालन, अटींची पूर्तता, नियमांचे अनुपालन. सगळीकडे 'चे', 'ची'. त्यामुळे हात एक तर 'ऑफ'कडे जातो किंवा काहीच लिहीत नाही.

एक सूट लक्षात ठेवा. कशाचे पालन हे संदर्भाने स्पष्ट असेल तर 'कम्प्लाय' एकटे चालते. 'द नोटीस वॉज सर्व्ह्ड ऑन 3 मार्च, बट द ओनर डिड नॉट कम्प्लाय.' हे पूर्ण आणि शुद्ध वाक्य आहे. म्हणजे पर्याय दोनच: 'विथ'सकट पुढचा शब्द, नाहीतर पुढे काहीच नाही. 'प्लीज कम्प्लाय द सेम' हे या दोन्हींत बसत नाही. 'प्लीज कम्प्लाय' म्हणा, किंवा 'प्लीज कम्प्लाय विथ द सेम' म्हणा. ('द सेम' मुळात नकोच, पण तो वेगळा विषय झाला.)

पहिली पायरी: पुढे काय आले आहे ते पाहा

'विथ' तपासण्याआधी हे करा, कारण कधीकधी 'विथ' घालूनही वाक्य सुधारत नाही. तिथे क्रियापदच चुकलेले असते.

'कम्प्लाय विथ'च्या पुढे असे काहीतरी हवे जे आपल्याकडून कशाची तरी अपेक्षा करते: आदेश, नियम, कायदा, नोटीस, अट, सूचना, मागणी, विनंती, मानक, मुदत. कागदपत्र आपल्याकडून काही मागत नाही. त्यामुळे 'वुई हॅव कम्प्लाइड विथ द डॉक्युमेंट्स' हे 'विथ' असूनही फसलेले वाक्य आहे. कागदपत्रे 'सबमिट' होतात, 'फर्निश' होतात, 'एन्क्लोज' होतात. मराठीत 'कागदपत्रांची पूर्तता' हा शब्द इतका रुळला आहे की ही चूक लिहिणाऱ्याला दिसतच नाही.

तसेच त्रुटी, शंका आणि आक्षेप यांचे. प्रश्नाला उत्तर द्यायचे असते, दोष दुरुस्त करायचा असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 82 चे इंग्रजी शीर्षकच 'रेक्टिफिकेशन ऑफ डिफेक्ट्स इन अकाउंट्स' आहे आणि सोसायट्या त्याखाली नमुना 'ओ'मध्ये दोष दुरुस्ती अहवाल देतात. तिथे क्रियापद 'रेक्टिफाय' हेच योग्य. मुंबई उच्च न्यायालयात ऑफिस ऑब्जेक्शन्स 'रिमूव्ह' करतात. ऑडिटरच्या क्वेरीला 'रिप्लाय टू' किंवा नुसते 'आन्सर' करा. सगळ्यांवर 'कम्प्लाइड' असा एकच शिक्का मारला की वाचणाऱ्याला नेमके काय केले ते कळत नाही, आणि पूर्ततेच्या पत्रात तेच तर सांगायचे असते.

वस्तूही 'कम्प्लाय' करू शकतात. 'द हेल्मेट कम्प्लाइज विथ आयएस 4151' हे ठीक आहे. वस्तू आणि मानक यांच्या संदर्भात 'कन्फॉर्म्स टू' जास्त दिसते, एवढेच.

दुसरी पायरी: कर्मणी वाक्ये शोधा

सर्वाधिक पडझड इथे होते, कारण सरकारी आणि कचेरीतली भाषा कर्मणीवरच चालते. 'आदेशाचे पालन करण्यात आले आहे' याचे इंग्रजी करताना हात 'द ऑर्डर हॅज बीन कम्प्लाइड' इथे थांबतो. वाक्य संपल्यासारखे वाटते. ते संपलेले नाही.

'द ऑर्डर हॅज बीन कम्प्लाइड विथ.'

शेवटी लटकणारा हा 'विथ' पाहून अनेकांना वाटते की काहीतरी राहिले, आणि साहेब तो लाल पेनाने खोडतात. खोडू देऊ नका. कर्तरीत 'वुई हॅव कम्प्लाइड विथ द ऑर्डर' असे होते. त्यातली 'ऑर्डर' उचलून पुढे नेली, पण 'विथ' क्रियापदाचा आहे, तो जागचा हलला नाही. इंग्रजीत वाक्य प्रीपोझिशनवर संपवू नये ही समजूत इथे लावता येत नाही. कर्मणीत त्याला दुसरी जागाच नाही.

कर्ता सांगायचा असेल तर 'बाय' येतो आणि दोन प्रीपोझिशन शेजारी बसतात: 'द डायरेक्शन्स हॅव बीन कम्प्लाइड विथ बाय द सोसायटी.' कानाला खटकते, पण व्याकरणात बसते. नेहमीची चूक म्हणजे त्यातला 'विथ' काढून 'कम्प्लाइड बाय' ठेवणे. खटकणे टाळायचे असेल तर 'विथ' काढू नका, वाक्य कर्तरी करा: 'द सोसायटी हॅज कम्प्लाइड विथ द डायरेक्शन्स.' पूर्ततेच्या पत्रात मला कर्तरीच बरे वाटते. कोणी केले ते पहिल्याच शब्दात कळते आणि वाक्यही आखूड होते.

वकिलांच्या लिखाणात 'स्टँड्स कम्प्लाइड' हा प्रकार सर्रास दिसतो. त्यालाही तोच न्याय: 'द ऑर्डर स्टँड्स कम्प्लाइड विथ.'

तपासायची युक्ती सोपी आहे. मसुद्यात 'कम्प्लाइड' जिथे जिथे असेल तिथे त्याचा कर्ता बघा. कर्ता माणूस किंवा संस्था असेल तर 'विथ' पुढे यायला हवा, किंवा वाक्य तिथेच थांबायला हवे. कर्ता आदेश, अट, नोटीस असे काही असेल तर 'कम्प्लाइड'ला लागूनच 'विथ' हवा.

'टू बी' असलेली वाक्येही याच घरातली. 'कंडिशन्स टू बी कम्प्लाइड विथ बिफोर डिस्बर्समेंट' हे बरोबर. बँकांच्या मंजुरीपत्रांत हे शीर्षक बिनविथचे दिसले तर तसेच उतरवून घेऊ नका. 'डिफिकल्ट टू कम्प्लाय विथ', 'ईझी टू कम्प्लाय विथ' हेही तसेच.

तिसरी पायरी: 'जे', 'ज्या', 'ज्यांचे'

'ज्या अटींचे पालन अर्जदाराने करायचे आहे' याची इंग्रजीत दोन रूपे होतात. 'द कंडिशन्स विथ विच द अ‍ॅप्लिकंट मस्ट कम्प्लाय' हे औपचारिक. 'द कंडिशन्स विच द अ‍ॅप्लिकंट मस्ट कम्प्लाय विथ' हे थोडे सैल, पण शुद्धच. 'विथ' पुढे न्या किंवा मागे ठेवा, एकदाच ठेवा. घाबरून दोन्हीकडे घालणारेही भेटतात: 'विथ विच द अ‍ॅप्लिकंट मस्ट कम्प्लाय विथ'. तेही चूक.

चौथी पायरी: एका वाक्यात दोन क्रियापदे

'फॉलो अँड कम्प्लाय विथ द रूल्स' हे चालते, कारण 'फॉलो'ला काही लागत नाही आणि 'विथ' शेवटच्या क्रियापदाला चिकटून आहे. क्रम उलटा केलात तर मात्र 'कम्प्लाय विथ अँड फॉलो द रूल्स' असे लिहावे लागेल. 'कम्प्लाय अँड फॉलो द रूल्स' लिहिले की 'कम्प्लाय' लंगडे झाले.

याचा उत्तम नमुना आपल्या राज्यघटनेत आहे. अनुच्छेद 365 केंद्राने दिलेले निदेश राज्याने न पाळण्याबद्दल आहे, आणि त्याचे इंग्रजी शीर्षक असे: 'इफेक्ट ऑफ फेल्युअर टू कम्प्लाय विथ, ऑर टू गिव्ह इफेक्ट टू, डायरेक्शन्स गिव्हन बाय द युनियन'. 'कम्प्लाय'ने आपला 'विथ' राखला, 'गिव्ह इफेक्ट'ने आपला 'टू' राखला, आणि दोन्हींचा मिळून शब्द 'डायरेक्शन्स' एकदाच आला. स्वल्पविराम कुठे आहेत तेही पाहा. तेच दोन्ही जोड्या वेगळ्या ठेवतात. 'अधिअर टू' किंवा 'अबाइड बाय'सोबत 'कम्प्लाय' वापरायची वेळ आली की हे शीर्षक समोर ठेवा: 'टू कम्प्लाय विथ, अँड अबाइड बाय, द बाय-लॉज'. खरे तर दोन्हींची गरज क्वचितच असते. एकच निवडा.

दोन्हीकडे तेच क्रियापद असेल तर एक 'विथ' पुरतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 41अ मध्ये पोलिसांनी दिलेल्या हजेरीच्या नोटिशीविषयी 'कम्प्लाइज अँड कंटिन्यूज टू कम्प्लाय विथ द नोटीस' अशी शब्दयोजना होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम 35 मध्ये तशीच पुढे आली आहे. एकदा पालन केले आणि पुढेही करत राहिला, असा दुहेरी अर्थ तिथे हवा आहे. त्या माणसाला अटक होणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

पाचवी पायरी: 'कम्प्लायन्स'पाशी थांबा

आता 'ऑफ'कडे येऊ. 'कम्प्लायन्स ऑफ द ऑर्डर', 'नॉन-कम्प्लायन्स ऑफ द प्रोव्हिजन्स' हे भारतात इतके छापले जाते, भल्याभल्या वकिलांच्या अर्जांतही, की ते चूक आहे असे सांगितले तर लोक पुरावा मागतात.

पुरावा मराठीतच आहे. 'भांडणे'चे नाम 'भांडण'. 'शेजाऱ्याशी भांडण' आणि 'शेजाऱ्याचे भांडण' यांत फरक काय? पहिल्यात शेजारी समोरचा पक्ष आहे. दुसऱ्यात भांडणारा तोच, कोणाशी भांडला ते अजून सांगायचे आहे. क्रियापदाचे नाम झाले तरी 'शी'ने आपले काम सोडले नाही, आणि 'चे' कर्त्याकडे गेला.

इंग्रजीतही हेच. 'कम्प्लायन्स विथ द ऑर्डर' म्हणजे आदेशाचे पालन. 'कम्प्लायन्स ऑफ द कंपनी' म्हणजे कंपनीने केलेले पालन. दोन्ही एकत्र: 'द कंपनीज कम्प्लायन्स विथ द ऑर्डर', किंवा 'कम्प्लायन्स बाय द कंपनी विथ द ऑर्डर'. म्हणजे 'ऑफ' किंवा 'बाय' पालन करणाऱ्यासाठी, 'विथ' ज्याचे पालन करायचे त्यासाठी. 'कम्प्लायन्स ऑफ द ऑर्डर' काटेकोरपणे वाचले तर आदेशच कोणाचे तरी पालन करतो आहे असे होईल.

'फेल्युअर टू कम्प्लाय विथ' हा कायद्याच्या इंग्रजीतला आवडता तुकडा. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 144 मध्ये नोटिशीविषयी 'फेल्स टू कम्प्लाय विथ ऑल द टर्म्स ऑफ अ नोटीस' असे आहे. इथे 'ऑफ' दिसतो म्हणून फसू नका. तो 'टर्म्स'चा आहे, नोटिशीतल्या अटी. 'कम्प्लाय'चा 'विथ' आपल्या जागी शाबूत आहे.

'इन कम्प्लायन्स विथ युवर लेटर' या तुकड्यात मात्र 'ऑफ' फारसा शिरत नाही, कारण तो अख्खा तोंडपाठ असतो. गंमत म्हणजे तोच माणूस त्याच पत्रात खाली 'रिपोर्ट ऑन कम्प्लायन्स ऑफ युवर लेटर' लिहितो.

'कम्प्लायन्सेस' या अनेकवचनाबद्दल माझे मत थोडे सैल आहे. सीए आणि कंपनी सेक्रेटरी यांच्या बोलण्यात ते पक्के बसले आहे आणि आपापसांत चालायला हरकत नाही. बाहेर, विशेषतः परदेशी ग्राहकाला लिहिताना 'कम्प्लायन्स रिक्वायरमेंट्स' लिहा. प्रमाण इंग्रजीत 'कम्प्लायन्स' सहसा मोजत नाहीत.

विशेषणाचे थोडक्यात. 'कम्प्लायंट विथ द रूल्स', किंवा आधी नाम जोडून 'जीएसटी-कम्प्लायंट इन्व्हॉइस'. 'कम्प्लायंट टू' किंवा 'कम्प्लायंट ऑफ' नाही.

'टू' कुठून येतो

'कम्प्लाय टू' ही चूक थेट मराठीतून आलेली नाही. ती शेजारच्या क्रियापदांकडून लागण होऊन येते. 'अधिअर टू', 'कन्फॉर्म टू', 'अ‍ॅग्री टू', 'अ‍ॅक्सीड टू' ही सगळी 'टू'वाली, आणि अर्थाने जवळची. 'अबाइड'ला 'बाय' लागतो, 'ऑब्झर्व्ह' आणि 'ओबे'ला काहीच नाही. 'इन अकॉर्डन्स'ला 'विथ', पण 'अकॉर्डिंग'ला 'टू'. यादी पाठ करण्यापेक्षा आपल्या कामात खरोखर लागणारी तीन-चार क्रियापदे निवडा आणि त्यांच्या जोडीचे एकेक खरे वाक्य वहीत उतरवा. अशी वाक्ये शोधायला सरकारचे 'इंडिया कोड' हे संकेतस्थळ चांगले आहे. केंद्राच्या कायद्यांचा इंग्रजी मजकूर तिथे मिळतो, आणि आपल्याला लिहायची असते त्याच धाटणीची भाषा असते.

क्रियाविशेषण आणि मुदत यांचे पटकन: 'फुली कम्प्लाइड विथ' किंवा 'कम्प्लाइड फुली विथ' लिहा, पण 'विथ' आणि आदेश यांच्यामध्ये 'फुली' घुसवू नका. तारखेला 'बाय', दिवसांच्या संख्येला 'विदिन'.

एक मसुदा दुरुस्त करून पाहू

महाराष्ट्रात इमारतीतली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे नमुना 'ब' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. समजा, अग्निशमन दलाच्या नोटिशीला सोसायटीचे सचिव उत्तर लिहीत आहेत. मसुदा असा:

'द सोसायटी हॅज कम्प्लाइड ऑल द रिक्वायरमेंट्स. द डिफेक्ट्स इन पॅरा 3 आर ऑल्सो कम्प्लाइड बाय अस. फॉर्म बी इज कम्प्लाइड अँड अटॅच्ड. द कंडिशन इन पॅरा 5 विल बी कम्प्लाइड विदिन 30 डेज. किंडली नोट द कम्प्लायन्स ऑफ युवर नोटीस.'

वरच्या पायऱ्या लावल्या की पहिल्या वाक्यात 'विथ' येतो. दुसऱ्यात क्रियापद बदलते, कारण दोष दुरुस्त करायचे असतात. तिसऱ्यातला फॉर्म नुसता जोडायचा आहे. चौथ्यात कर्ता 'कंडिशन' असल्याने 'कम्प्लाइड'ला लागून 'विथ'. पाचव्यात 'ऑफ' जातो. पण हे करताना आणखी एक गोष्ट उघडी पडते. पहिल्या वाक्यात सगळ्याची पूर्तता केली म्हटले आहे आणि चौथ्यात एक अट बाकी आहे. सगळीकडे 'कम्प्लाइड' असल्यामुळे हा विसंवाद दिसत नव्हता, पण अधिकाऱ्याला तो नक्की दिसेल. शिवाय तीस दिवस कधीपासूनचे? नोटिशीपासून की या पत्रापासून?

सुधारून:

'द सोसायटी हॅज कम्प्लाइड विथ द रिक्वायरमेंट्स इन पॅराज 1, 2 अँड 4. द डिफेक्ट्स पॉइंटेड आउट इन पॅरा 3 हॅव बीन रेक्टिफाइड. द सर्टिफिकेट इन फॉर्म बी इज एन्क्लोज्ड. द कंडिशन इन पॅरा 5 विल बी कम्प्लाइड विथ बाय 30 जून. वुई रिक्वेस्ट यू टू टेक दिस रिप्लाय ऑन रेकॉर्ड.'

नोटिशीत दहा-बारा मुद्दे असतील तर वाक्ये न लिहिता तक्ता करा: मुद्दा, केलेली कार्यवाही, सोबतचा कागद, शेरा. शेऱ्याच्या रकान्याला 'कम्प्लायन्स स्टेटस' असे शीर्षक द्या आणि खाली नुसते 'येस', 'नो' किंवा 'इन प्रोग्रेस'. तिथे 'विथ'ची गरजच पडत नाही. 'कम्प्लाइड' असे शीर्षक दिलेत तर मात्र त्यापुढे 'विथ' लिहायला विसरू नका.